वकिलाचं बिल आणि खटल्याचा निकाल

मराठी वर्तमानपत्र वाचत वाढलेल्या कुणालाही 'तारांकित प्रश्न' हा शब्द नवा नाही. अधिवेशन सुरू झालं की रोज दोन-चार बातम्या त्यावरच असायच्या. तारांकित म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं, अतारांकित म्हणजे लेखी. मंत्र्याचं उत्तर पटलं नाही की सदस्य पुरवणी प्रश्न विचारायचा आणि खरी गंमत तिथून सुरू व्हायची.

हा हक्क आपल्याला हप्त्याहप्त्यानं मिळाला. १८९२ च्या कायद्यानं कौन्सिलातल्या सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलण्याची आणि आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारण्याची मुभा दिली. पुरवणी प्रश्नाची वाट मात्र १९०९ पर्यंत पाहावी लागली. गोपाळ कृष्ण गोखले १८९९ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात गेले, तिथून पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. १९०२ साली अर्थसंकल्पावर त्यांनी केलेलं भाषण आजही सांगितलं जातं. त्यात त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. तिजोरीत शिल्लक दिसते म्हणजे राज्य भरभराटीला आलं असं नाही, तर लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय, असा त्यांचा मुद्दा होता. मतदानानं सरकार पाडण्याची ताकद त्यांच्याकडे नव्हती. होता तो फक्त हिशेब मागण्याचा आणि तो नीट वाचण्याचा अधिकार.

आपण आज ज्या देशात राहतो, त्या ऑस्ट्रेलियात हेच काम सिनेटच्या 'एस्टिमेट्स' समित्या करतात. १९७० साली त्या सुरू झाल्या. मे-जूनमध्ये अर्थसंकल्पानंतर आणि पुढे वर्षभरात आणखी दोनदा, कॅनबेरात खात्यांचे सचिव आणि अधिकारी एका टेबलाशी बसतात आणि सिनेटर त्यांना सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत प्रश्न विचारतात. धोरण बरं की वाईट, यावर अधिकाऱ्याचं मत मागता येत नाही. पैसा कुठे गेला आणि त्यातून काय झालं, हे मात्र विचारता येतं. आकडा हाताशी नसेल तर अधिकारी म्हणतो, 'हे आम्ही नोटिसवर घेतो.' मग लेखी उत्तर येतं, कधी वेळेवर, पुष्कळदा उशिरा, आणि ते सर्वांसाठी खुलं असतं.

न्यायखात्याची पाळी 'लीगल अँड कॉन्स्टिट्यूशनल अफेअर्स' समितीपुढे येते. प्रश्न तिथे थोडा अवघड होतो. रस्ता बांधला तर रस्ता दाखवता येतो. खटला चालवला तर काय दाखवायचं? आरोपी सुटला म्हणजे पैसा वाया गेला असं म्हणणं धोक्याचं आहे, कारण मग सरकारी वकील फक्त हमखास जिंकणारे खटलेच कोर्टात नेतील. उलट, निकालाचं काहीच विचारायचं नाही असं ठरवलं, तर काय होतं ते ऑस्ट्रेलियानं एकदा चांगलंच पाहिलंय.

ती गोष्ट १९७० च्या दशकातली, करबुडव्यांची. कंपनीतला पैसा काढून घ्यायचा, करापोटी काहीच ठेवायचं नाही आणि रिकामी कंपनी भलत्याच कुणाच्या नावावर करून मोकळं व्हायचं, असा तो धंदा होता. कागदपत्रं जणू बंदराच्या तळाशी बुडवली, म्हणून त्याला 'बॉटम ऑफ द हार्बर' नाव पडलं. त्या वेळी केंद्राचे खटले क्राउन सॉलिसिटरचं कार्यालय, म्हणजे ॲटर्नी-जनरलच्या खात्यातलेच वकील चालवत. १९८० साली फ्रँक कॉस्टिगन यांचा आयोग नेमला गेला तो गोदी कामगारांच्या एका संघटनेची चौकशी करायला. पण पैशाचा माग काढता काढता तो या करबुडव्यांपर्यंत पोचला. १९८२ मध्ये उघड झालं की पर्थच्या सरकारी वकील कार्यालयात अशा प्रकरणाचे कागद वर्षानुवर्षं नुसते पडून होते. खटला हरला नव्हता, कारण तो उभाच राहिला नव्हता. आणि जो खटला उभा राहत नाही त्याचा खर्चही दिसत नाही, निकालही दिसत नाही.

त्यानंतर १९८३ च्या कायद्यानं 'डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्यूशन्स' हे स्वतंत्र कार्यालय निर्माण झालं आणि १९८४ मध्ये इयन टेंबी त्याचे पहिले डायरेक्टर झाले. खटला भरायचा की नाही, हे आता मंत्र्याच्या मर्जीवर उरलं नाही. त्याला दोन कसोट्या आहेत: दोष सिद्ध होण्याची वाजवी शक्यता आहे का, आणि खटला चालवणं लोकहिताचं आहे का. या कार्यालयाला दरवर्षी संसदेला अहवाल द्यावा लागतो आणि एस्टिमेट्सच्या टेबलाशी येऊनही बसावं लागतं.

आता अशा एका प्रकरणाकडे येऊ, जे आपल्यापैकी अनेकांनी त्या वर्षी श्वास रोखून वाचलं होतं.

२ जुलै २००७. गोल्ड कोस्टच्या हॉस्पिटलात नोकरी करणारे कर्नाटकातले डॉक्टर मोहम्मद हनीफ ब्रिस्बेन विमानतळावर पकडले गेले. वय २७, ४५७ व्हिसा, घरी भारतात नुकतीच जन्मलेली मुलगी. दोन दिवसांआधी ग्लासगो विमानतळावर जळती जीप घुसवण्यात आली होती, आणि वर्षभरापूर्वी इंग्लंड सोडताना हनीफनी आपलं सिमकार्ड नात्यातल्या एका भावाकडे ठेवलं होतं. त्यांना आरोपाविना बारा दिवस ताब्यात ठेवण्यात आलं. १४ जुलैला आरोप ठेवला गेला. सरकारी वकिलानं कोर्टात सांगितलं की सिमकार्ड त्या जीपमध्ये सापडलं. प्रत्यक्षात ते शेकडो किलोमीटर दूर, लिव्हरपूलला, त्या नातेवाइकाकडे मिळालं होतं. १६ जुलैला मॅजिस्ट्रेटनी जामीन दिला आणि त्याच दिवशी मंत्री केव्हिन अँड्रूज यांनी त्यांचा व्हिसा रद्द केला. २७ जुलैला डायरेक्टर डेमियन बग यांनी चूक झाल्याचं मान्य करून आरोप मागे घेतला. ऑगस्टमध्ये फेडरल कोर्टानं व्हिसा रद्द करण्याचा निर्णयही बाजूला सारला.

बातमी इथे संपली असती. पण हिशेब बाकी होता. या तपासावर किती खर्च झाला, हे सिनेटरांनी फेडरल पोलिसांना विचारलं आणि ते सांगावं लागलं. आकडा वाढत वाढत ऐंशी लाख डॉलरांच्या वर गेला. ऑगस्ट २००८ मध्ये पोलिसांनी हनीफविरुद्धचा तपास थांबवल्याचं जाहीर केलं.

या उत्तरांकडे नीट पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक जण आपापल्या पानापुरतंच बोलतो. पोलीस पोलिसांचा खर्च सांगतात, सरकारी वकील वकिलीचा, व्हिसाचं खातं व्हिसाच्या दाव्यांचा. बाहेरच्या वकिलांची फी एका रकान्यात, घरच्या वकिलांचे पगार दुसऱ्या. एकूण बेरीज करणं प्रश्न विचारणाऱ्यावर सोडलेलं असतं. आणि 'का' हे कुठल्याच रकान्यात नसतं. हनीफ प्रकरणातलं 'का' शोधायला २००८ मध्ये निवृत्त न्यायाधीश जॉन क्लार्क यांची चौकशी बसवावी लागली. हनीफवर आरोप ठेवण्याइतका पुरावाच नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. २०१० मध्ये कायदा बदलला. चौकशीच्या मोजमापातून वगळता येणाऱ्या वेळेला सात दिवसांची मर्यादा आली, आणि सुरक्षाविषयक कायद्यांवर नजर ठेवणारा एक स्वतंत्र अधिकारीही कायद्यानं नेमला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारनं हनीफना भरपाई दिली. ती रक्कम मात्र गुप्त ठेवली गेली. तपासाचा आकडा आपल्याला कळला, चुकीची किंमत नाही.

दुसरं प्रकरण याच्या उलट्या टोकाचं. २००४ मध्ये तिमोर समुद्रातल्या तेल-वायूच्या वाटाघाटी चालू असताना ऑस्ट्रेलियाच्या हेरखात्यानं तिमोर-लेस्तेच्या मंत्रिमंडळाच्या खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रं बसवल्याचा आरोप पुढे उघड झाला. त्यासंबंधी २०१८ मध्ये 'विटनेस के' नावानं ओळखला जाणारा माजी हेर आणि त्याचे वकील बर्नार्ड कोलेरी यांच्यावर खटले भरले गेले. अशा खटल्याला ॲटर्नी-जनरलची संमती लागते. ती क्रिश्चन पोर्टर यांनी दिली. २००४ च्या राष्ट्रीय सुरक्षा माहिती कायद्याखाली बरंचसं कामकाज बंद दाराआड चाललं. कोर्टात काय बोललं जातंय ते जनतेला ऐकता येत नव्हतं, पण त्यावर किती पैसे जातायत ते सिनेटमध्ये विचारता येत होतं. रेक्स पॅट्रिक यांच्यासारखे सिनेटर ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. दर उत्तरागणिक आकडा फुगला आणि चाळीस लाख डॉलरांच्या पुढे गेला. विटनेस के यांनी गुन्हा कबूल केला. जून २०२१ मध्ये त्यांना तीन महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित. कोलेरींचा खटला जुलै २०२२ मध्ये नवे ॲटर्नी-जनरल मार्क ड्रायफस यांनी १९०३ च्या ज्युडिशियरी ॲक्टखालचा क्वचित वापरला जाणारा अधिकार वापरून मागे घेतला.

'कोर्टात प्रकरण आहे' किंवा 'वकिलाचा सल्ला गोपनीय आहे' एवढं म्हणून खात्याला गप्प बसता येतं का? सिनेटचं म्हणणं आहे, नाही. २००९ च्या ठरावानुसार माहिती द्यायची नसेल तर ती दिल्यानं लोकहिताचं नेमकं काय नुकसान होईल, हे मंत्र्याला सांगावं लागतं. प्रत्यक्षात दर वेळी तसं होतंच असं नाही. पण नकारालाही कारण लागतं, एवढं तरी त्यानं नोंदलं गेलं.

हे सगळं तुम्हाला का सांगायचं? कारण आपल्यातले अनेक जण आज त्याच अवस्थेत आहेत ज्यात हनीफ होते: नोकरी पक्की, व्हिसा तात्पुरता, मत नाही. 'आपण पाहुणे, आपण कशाला विचारायचं' ही सवय आपल्यात खोल रुजलेली असते. कायदा मात्र तसं म्हणत नाही. भारताचा २००५ चा माहिती अधिकार कायदा हक्क देतो तो 'नागरिकां'ना. म्हणजे ज्यांनी इथला पासपोर्ट घेतला आणि ओसीआय कार्ड खिशात ठेवलं, त्यांच्या हातून तो हक्क सुटला. ऑस्ट्रेलियाचा १९८२ चा माहिती स्वातंत्र्याचा कायदा 'प्रत्येक व्यक्ती'ला हक्क देतो. व्हिसा कोणता, हा प्रश्न त्यात नाही. २०१० पासून अर्जाचं शुल्कही रद्द झालं.

म्हणून पुढच्या वेळी एखादा मोठा खटला गाजत असेल, तेव्हा पहिल्या पानावरची बातमी वाचून थांबू नका. एस्टिमेट्सची उत्तरं इंटरनेटवर आहेत. प्रत्येक खात्याला आपला वर्षाचा वकिली खर्च दर ऑक्टोबरअखेर जाहीर करावा लागतो, तोही तिथे सापडतो. किती खर्च झाला, कुठल्या कुठल्या खात्याचा, आणि शेवटी काय निघालं, एवढं एका कागदावर मांडा. एखादा रकाना रिकामा राहिला तर आपल्या राज्याच्या सिनेटरला दोन ओळी लिहा. तुम्ही मतदार नसलात तरी तुमचा प्रश्न तो टेबलापर्यंत नेऊ शकतो.