अग्नीनंतरचा सूर
पॅरिस येथील नोत्र-दाम कॅथेड्रलच्या ऑर्गनचा जीर्णोद्धार

ज्युबिलीच्या वर्षीं देवळाच्या भिंतींना रंग लागतो, वेदीवर नवीं वस्त्रें येतात. परंतु देवळाच्या आवाजाची आठवण क्वचितच कोणास होते. म्हणून आज वाचकांपुढें एका वाद्याची कथा ठेवितों.

ता. १५ एप्रिल २०१९, पवित्र आठवड्यांतील सोमवार. त्या सायंकाळीं नोत्र-दामचें छप्पर पेटलें व उंच मनोरा कोसळला. पश्चिमेकडील माळ्यावर, दोन बुरुजांच्या मधोमध, मोठा ऑर्गन उभा होता. ज्वाळा तेथवर पोहोंचल्या नाहींत. बंबांच्या पाण्यानेंही त्याची फारशी हानि झाली नाहीं. ऑर्गन वांचला, असें सर्व म्हणाले. तें अर्धेंच खरें होतें. छपराचें शिसें वितळून त्याची विषारी धूळ देवळांत पसरली होती, आणि ती त्याच्या सुमारें ८००० नळ्यांवर व आंतील यंत्रावर बसली होती.

या नळ्यांपैकीं कित्येकांच्या तळाशीं पितळेची एक पातळ जीभ असते. वारा लागतांच ती थरथरते व तुतारीसारखा स्वर उमटतो. बँडमधील कर्णेवाल्याचे ओंठ जें काम करितात, तेंच येथें ही जीभ करिते. तिचा बांक कारागीर हातानें देतो. त्यांत केसभर फरक पडला, तरी स्वर बदलतो. अशा वाद्यावरून वरवर फडकें फिरवून काय साधणार?

शिवाय हें वाद्य एका पिढीचें नव्हे. फ्रांस्वा तिएरी यानें १७३३ सालीं तें नव्यानें बांधिलें. पुढें कावाये-कोल या थोर कारागिरानें १८६८ मध्यें त्यास नवें रूप दिलें, परंतु जुन्या नळ्या टाकिल्या नाहींत. याच ऑर्गनवर वादन चालू असतां लुई व्हिएर्न या जवळजवळ अंध वादकानें २ जून १९३७ रोजीं देह ठेविला. असा आवाज एकदां गेला, तर नवा विकत मिळत नाहीं.

म्हणून ऑगस्ट २०२० पासून डिसेंबरपर्यंत तो उतरविण्यांत आला. निरनिराळ्या कारखान्यांतून त्याचे भाग स्वच्छ करून दुरुस्त केले. २०२३ मध्यें ते पुन्हां जागेवर बसविले. त्यापुढें सूर जुळविण्यास कित्येक महिने लागले. दिवसां देवळांत हातोड्यांचा गजर चाले. म्हणून हें काम रात्रींच्या शांततेंत करावें लागे.

ता. ७ डिसेंबर २०२४ रोजीं कॅथेड्रलचें द्वार उघडलें. आर्चबिशप उल्रिक यांनीं ऑर्गनला आठ वेळां हांक दिली, आणि आठही वेळां त्यानें उत्तर दिलें. तो आवाज ऐकून कित्येकांचे डोळे भरून आले असतील!

आपल्याकडे नोत्र-दाम नाहीं. पण बँडचे कर्णे आहेत. एखादा आगींत सांपडला, तर तो घांसून चकचकीत करण्याची घाई करूं नये. पितळ वितळण्यापूर्वींच, साधारण दोनशें अंशांच्या आसपास, सांध्यांचा डाख वितळतो. फार तापल्यास पितळही नरम पडतें. आधीं जाणत्याकडून सांधे तपासावे, मग पोचे काढावे, झिलई शेवटीं. जीर्णोद्धार म्हणजे नवेपणा नव्हे. जुन्या कंठास पुन्हां त्याचाच सूर देणें होय. तें काम मनुष्याच्या बाबतींत देव करितो. वाद्याच्या बाबतींत त्यानें तें आपल्या हातीं सोंपविलें आहे.