पडद्यामागचे दान

बुद्धिबळात प्याद्याने हत्ती मारला तर त्यावर वाद होत नाही. हत्ती तिरक्या घरात होता, प्यादे तिथे गेले, हत्ती पटाबाहेर. प्याद्याचा वार चुकला असे तिथे घडूच शकत नाही. सारीपाटात फासे असतात, पण ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात. दान उलटे पडले तर माणूस नशिबाला बोल लावतो, पटाला नाही. संगणकावरच्या, पाळीपाळीने खेळायच्या युद्धखेळांनी तिसराच प्रकार आणला. इथे फासे आहेत, पण ते पडताना कुणाला दिसत नाहीत. रणगाडा भालाइतावर चालून जातो, गोळीबाराचा आवाज होतो आणि पडद्यावरून रणगाडाच नाहीसा होतो. हे खरेच घडायला हवे होते का, असा प्रश्न खेळणाऱ्याच्या मनात उभा राहतो. त्या प्रश्नातूनच एक तंत्र जन्माला आले. तीच लढत शंभर वेळा लावायची, निकाल वहीत मांडायचे आणि यंत्राच्या पोटात कोणते सूत्र चालते ते बाहेरून ताडायचे. त्या तंत्राची ही कुळकथा.

मूळ शोधत गेलो की प्रशियात पोचतो. गेओर्ग लेओपोल्ड फोन राइसविट्झ याने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याच्यासमोर एक युद्धखेळ मांडला. त्यात खणांचे मेज होते आणि डोंगर, नद्या, रस्ते दाखवणाऱ्या उठावदार फरशा होत्या. त्याच्या तोफखान्यातल्या मुलाने तो खेळ सुधारला, मेजाऐवजी १:८००० प्रमाणाचा नकाशा घेतला आणि १८२४ मध्ये नियम छापले. एक पाळी म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटे. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे देत. पंच तुकड्या हलवी, खास बनवलेले फासे टाकी, कोष्टक पाही आणि किती माणसे पडली ते सांगे. कोष्टकातले आकडे हवेतले नव्हते. बंदुकीची गोळी किती अंतरावर किती वेळा लागते याच्या प्रत्यक्ष चाचण्या प्रशियाचा सेनानी शार्नहोर्स्ट याने घेतल्या होत्या, त्यांचा आधार कोष्टकांना होता. सरसेनापतीच्या कचेरीचा प्रमुख म्युफ्लिंग याला हा खेळ इतका पटला की त्याने तो सैन्यभर शिकवण्याची शिफारस केली.

मला या खेळात महत्त्वाचा वाटतो तो पंच. खेळणाऱ्याला दान दिसत नव्हते, फक्त निकाल कळत होता. पण नियमांचे पुस्तक छापलेले होते आणि ते कोणताही अधिकारी उघडून पाहू शकत होता. फासा झाकलेला, कोष्टक उघडे, अशी ती व्यवस्था होती. पुढे १८७६ मध्ये प्रशियाचाच अधिकारी फेर्डी द्यू वेर्न्वा याने कोष्टकांच्या जाचाला कंटाळलेल्या पंचांची बाजू घेतली. अनुभवी पंचाने स्वतःच्या समजुतीने निकाल द्यावा, आकडेमोड नको, असे त्याचे म्हणणे. म्हणजे नियम आता पंचाच्या डोक्यात गेला. तो वाचता येईना, फक्त ओळखता येई. छुप्या नियमाची ही पहिली पायरी म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने हे कोष्टक पुन्हा सर्वांसमोर आणले. त्याचा ‘टॅक्टिक्स’ १९५४ मध्ये आला आणि १९५८ पासून त्याच्या ॲव्हलॉन हिल कंपनीचे युद्धखेळ खोक्यांतून विकले जाऊ लागले. आपली ताकद आणि समोरच्याची ताकद यांचे गुणोत्तर काढायचे, एक फासा टाकायचा आणि छापील तक्त्यात निकाल पाहायचा. गुणोत्तरातला अपूर्णांक बचाव करणाऱ्याच्या बाजूने सोडून द्यायचा. त्यामुळे ४ ताकदीच्या तुकडीवर ११ ताकदीने चालून गेलात तर ते गुणोत्तर तीनास एक ठरत नसे, दोनास एकच ठरे. एक जादा ताकद जमवून १२ केलीत की निकाल एकदम पुढच्या रकान्यात. म्हणून खेळणारे नकाशावर वाकून बोटांनी ताकद मोजत बसत. हा अडखळता जिना लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

मग संगणक आला आणि त्याने पंच, फासा आणि तक्ता तिन्ही गिळले. सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ मध्ये आला. प्रत्येक तुकडीचे आक्रमणाचे आणि बचावाचे आकडे खेळणाऱ्याला माहीत असत, पण लढतीचा निकाल एका झटक्यात लागे. दुबळ्या तुकडीला थोडी का होईना संधी उरे, आणि शेकडो लढतींच्या डावात ती थोडी संधी कधी ना कधी साधली जाई. ढाल-भाल्यांच्या तुकडीने युद्धनौका बुडवल्याच्या कथा याच काळातल्या. ब्रायन रेनॉल्ड्सने १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत यावर उपाय केला. लढत अनेक फेऱ्यांची केली, प्रत्येक तुकडीला प्राणांचे गुण दिले, म्हणजे हिट पॉइंट. ग्रीक पायदळाला १०, रणगाड्याला ३०.

या दुसऱ्या आवृत्तीत चीट नावाचा मेनूही होता. नकाशावर हवी ती तुकडी हवी तिथे उभी करण्याची सोय त्यात होती. नावात फसवणूक असली तरी खेळणाऱ्यांतल्या चौकस मंडळींना ती प्रयोगशाळाच मिळाली. सपाट जमीन घ्या, दहा रणगाडे एका बाजूला, दहा भालाईत दुसऱ्या बाजूला, आणि लढवा. मग तेच भालाईत टेकडीवर ठेवून लढवा. मग तटबंदीआड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे जसेच्या तसे. विज्ञानाच्या तासाला शिकवतात तीच ही शिस्त, पण ती इथे कुणी शिकवली नव्हती. हरलेल्या रणगाड्याच्या रागातून माणसे तिच्यापर्यंत पोचली. मला या तंत्राबद्दल आदर वाटतो तो एवढ्याचसाठी.

फेऱ्यांनी किती फरक पडतो ते एका हिशेबाने दिसते. २००१ च्या ‘सिव्हिलायझेशन ३’ मध्ये भालाइताचा बचाव २ आणि रणगाड्याचे आक्रमण १६. कोणताही बोनस धरला नाही, तर एका फेरीत भालाईत जिंकण्याची शक्यता १८ मध्ये २, म्हणजे ९ मध्ये १. निकाल एकाच फेरीत लागला असता तर नऊ रणगाड्यांपैकी एक गेला असता. पण दोघांना तीन-तीन हिट पॉइंट दिले आणि समोरच्याने तीन फेऱ्या जिंकण्याआधी आपण तीन जिंकल्या पाहिजेत असे ठरवले, की भालाइताची शक्यता सुमारे १.१५ टक्क्यावर येते. ८७ लढतींत एक. मोठ्या डावात ८७ लढती सहज होतात. टेकडी, तट आणि खंदक यांनी भालाइताचा आकडा वाढला की त्याहून कमी लढतींतच ती गोष्ट घडते, आणि घडली की खेळणाऱ्याला आयुष्यभर आठवते. उरलेल्या ८६ कुणालाच आठवत नाहीत.

म्हणून वही. पण वहीतही दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा म्हणजे थोडक्या नोंदी. ज्या लढतीत जिंकण्याची शक्यता बरोबर निम्मी आहे, ती शंभर वेळा लढवली तर जिंकण्याची संख्या ४० पासून ६० पर्यंत कुठेही येऊ शकते. वीस लढती करून सूत्र सापडले म्हणणाऱ्याला काहीच सापडलेले नसते. ट्व्हेर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की आकडेशास्त्र शिकलेली माणसेही छोट्या नमुन्यावर नको तितका विश्वास टाकतात.

दुसरा खड्डा अधिक फसवा, आणि मी त्यात स्वतः पडलो आहे. एका खेळात हल्ल्याआधी डाव सेव्ह केला, हल्ला फसला, डाव पुन्हा लोड केला, पुन्हा फसला. अशा वीस नोंदी केल्यावर माझी खात्री पटली की यंत्र मला जिंकूच देत नाही. प्रत्यक्षात मी एकच लढत वीस वेळा पाहिली होती. संगणकाला खरे फासे नसतात. तो एका आकड्यावर गणित करून पुढचा आकडा काढतो, त्यावरून त्याच्या पुढचा. सुरुवातीच्या आकड्याला सीड म्हणतात, आणि सेव्ह केलेल्या डावात तो सीडही जपलेला असला तर तोच हल्ला दर वेळी तोच निकाल देतो. ‘सिव्हिलायझेशन ३’ मध्ये हा सीड जपायचा की नाही हे डाव मांडतानाच ठरवता येई. ‘एक्सकॉम’ या परग्रहवासीयांविरुद्धच्या खेळात २०१२ साली सीड जपला जात होता, पुढच्या वर्षीच्या विस्तारात तो न जपण्याचा पर्याय दिला गेला. म्हणून जाणकार आधी सीडची परीक्षा घेतात. दुसऱ्या एका तुकडीने आधी हल्ला करून पाहायचा आणि निकालांचा क्रम सरकतो का ते बघायचे. मगच मोजणी सुरू.

या तंत्राने लावलेला सर्वांत देखणा शोध जपानी ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतला आहे. १९९० मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत हल्ल्याआधी पडद्यावर टक्का दिसतो, वार लागण्याची शक्यता ९० वगैरे. जुन्या भागांत तो आकडा खराच होता. ० ते ९९ मधला एक आकडा काढायचा, तो ९० पेक्षा लहान असला की वार लागला. २००२ च्या गेमबॉय ॲडव्हान्सवरच्या ‘बाइंडिंग ब्लेड’पासून मात्र यंत्र दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेऊ लागले, आणि हे खेळणाऱ्याला कुठे सांगितलेले नव्हते. दोन फासे टाकले की ७ सहा प्रकारे पडतो आणि २ एकाच प्रकारे. तसेच इथे सरासरी मधोमध गोळा होते, टोकाला क्वचित जाते. त्यामुळे पडद्यावर ९० दिसतात तेव्हा वार खरे तर ९८.१ टक्के वेळा लागतो. ७५ चे ८७.७५ होतात. खालच्या बाजूला उलटे घडते. ३० चे १८.३ उरतात आणि १० चे २.१.

आणि बरोबर ५० चे होतात ५०.५. अर्ध्या टक्क्याचा हा फरक चाळीस हजार नोंदींतही जेमतेम दिसेल. पण ९० च्या जागी शंभर वार केले की दहा चुकायला हवेत तिथे दोनच चुकतात, आणि ते सांगायला आकडेशास्त्रज्ञ लागत नाही. कुठे मोजायचे हे किती मोजायचे यापेक्षा महत्त्वाचे ठरते. पुढे कार्ट्रिजमधला कोड उलगडून हे सूत्र पक्के झाले. निर्णायक वाराचा टक्का मात्र एकाच आकड्यावर ठरतो, म्हणून तिथले १० खरेच १० आहेत, हेही कळले. त्याच खेळात तुकडीची वाट दाखवणारा बाण मागेपुढे फिरवला तरी यंत्र त्यासाठी रँडम आकडे खर्च करते. ते कळल्यावर माणसे बाण फिरवून नको असलेली दाने जाळू लागली.

अडखळता जिना पुन्हा भेटला तो ‘सिव्हिलायझेशन ४’ मध्ये. २००५ च्या या खेळाने लढतीआधी शक्यता दाखवायला सुरुवात केली, पण ती कुठून येते ते दाखवले नाही. प्रत्येक तुकडीचे १०० गुण, बरोबरीच्या लढतीत प्रत्येक घावाला २० ची हानी, म्हणजे पाच घाव. ६ ताकदीच्या तुकडीपुढे ५.९ ताकदीची तुकडी उभी केली तर ६ वाल्या तुकडीची जिंकण्याची शक्यता पन्नाशीच्या आसपास असावी असे कुणालाही वाटेल. ती ६३ टक्क्यांच्या घरात असते. दुबळ्याच्या घावाची हानी १९.८ होते, यंत्र अपूर्णांक टाकून ती १९ धरते, आणि १९ ने शंभर गाठायला पाच नव्हे, सहा घाव लागतात. रॉबर्ट्सच्या तक्त्यातला तोच जिना, फक्त आता तो काळोखात होता. २००६ मध्ये निर्मात्यांनी खेळाच्या नियमांचा मूळ कोड खुला केला आणि तिथे पायऱ्या मोजून पाहता आल्या.

टक्का का फिरवतात याचे उत्तर सिड मायरने स्वतः २०१० मध्ये खेळनिर्मात्यांच्या परिषदेत दिले. तीनास एक अशी बाजू असताना हरलेला खेळणारा तक्रार करतो, पण एकास तीन अशी बाजू असताना जिंकलेला करत नाही. त्याच्या चमूने मग आकडे माणसाच्या भावनेप्रमाणे वळवले. मला ही लपवाछपवी मान्य नाही. ९८ द्यायचे असतील तर ९८ लिहावेत. ९० वर विसंबून आखलेला डाव हा खोट्या नकाशावर आखलेला डाव असतो, मग ती चूक खेळणाऱ्याच्या फायद्याची का असेना.

उलट टोकाला ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ आहे. डेव्हिड व्हाइटने २००३ मध्ये सुरू केलेल्या या मोफत खेळाचा कोड पहिल्यापासून कुणालाही वाचता येतो आणि दाखवलेला टक्का हाच खरा टक्का असतो. तरीही यंत्र पक्षपाती आहे अशी तक्रार तिथेही थांबली नाही. म्हणून त्या खेळात एक आकडेवारीची खिडकी आहे. तुमच्या वारांनी किती हानी व्हायला हवी होती आणि प्रत्यक्षात किती झाली, हे ती शेजारी शेजारी दाखवते. बहुतेक खेळांत ही खिडकी नसते. तिथे ती तुम्हालाच वहीत आखावी लागेल. आखाल तेव्हा सीड आधी तपासा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि जिंकलेल्या लढतीही लिहा.