मराठवाड्यातील उच्च शिक्षण : अनुदान, शुल्क व रहिवास

मराठवाड्यातील, विशेषतः नांदेड व लातूर जिल्ह्यांतील, उच्च शिक्षणावरील शासकीय खर्च आणि रहिवासी विद्यार्थ्यावर पडणारा शुल्कभार यांचा परस्परसंबंध. अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठे आपल्या राज्यातील विद्यार्थ्यांकडून कमी व बाहेरच्यांकडून अधिक शुल्क घेतात. भारतातही असा भेद अगदी अपरिचित नाही : इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताबाहेरील विद्यार्थ्यांवर बसविलेले जादा शुल्क सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये वैध ठरविले. मराठवाड्यात मात्र रहिवासाचा प्रश्न शुल्कापेक्षा जागांच्या रूपाने पुढे आला.

निजामी राजवटीत विद्यापीठ होते ते हैदराबादेस (उस्मानिया, १९१८), आणि त्याचे माध्यम उर्दू. नांदेडचे पीपल्स कॉलेज (१९५०), लातूरचे दयानंद महाविद्यालय (१९६१) ही खाजगी शिक्षणसंस्थांनी काढली. मराठवाडा विद्यापीठ औरंगाबाद येथे १९५८ मध्ये निघाले. त्याच्या विभाजनातून १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. शासकीय अनुदान मुख्यतः शिक्षकांच्या वेतनापोटी मिळत असल्याने पैसा विद्यार्थ्यामागून नव्हे, तर संस्थेमागून गेला. जेथे महाविद्यालये थोडी, तेथे शुल्क कितीही अल्प असले, तरी रहिवाशांच्या वाट्याचा खर्च थोडाच राहिला. १९८३ नंतर विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. त्यांत तर बहुतेक सर्व भार शुल्कावरच पडला.

नागपूर करारात (१९५३) निधी व शैक्षणिक प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे ठरले होते. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्येही तंत्रशिक्षणाच्या समन्याय्य सोयींचा उल्लेख आहे. वैद्यकीय प्रवेशात मात्र विभागवार राखीव जागांची तरतूद मराठवाड्यावरच उलटली. या पद्धतीत विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे विभाग पाडून प्रत्येकातील ७० टक्के जागा त्या विभागातून बारावी झालेल्यांना व ३० टक्के राज्यभरच्या विद्यार्थ्यांना मिळत. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये निघाले, लातूरला २००२ मध्ये; उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने विभागातील एकूण जागा कमीच होत्या. याउलट ‘लातूर पॅटर्न’मुळे उत्तम गुणांचे विद्यार्थी येथे एकवटले. तेवढ्याच गुणांवर दुसऱ्या विभागात अल्प शुल्काची शासकीय जागा मिळते आणि येथील विद्यार्थ्याला महागड्या खाजगी महाविद्यालयाकडे वळावे लागते, ही तक्रार निराधार नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये ही पद्धत रद्द झाली. तशी घोषणा करणारे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख हे लातूरचेच आमदार होते.