नक्कल केली, पण मुकाबला केला का?

हस्तलिखितांच्या काळात नक्कल उतरवली म्हणजे काम संपत नसे. नवा नुस्खा मूळ नुस्ख्याशी ओळीनओळ ताडून पाहिला जाई. एकजण मोठ्याने वाचे, दुसरा आपल्या प्रतीवर नजर ठेवी. कुठवर ताडलं ते कळावं म्हणून समासात खूण केली जाई. अरबीत या कामाला 'मुकाबला' म्हणतात, म्हणजे समोरासमोर आणणं. मराठीत आणि उर्दूत या शब्दाने लढतीचा अर्थ घेतला, पण ग्रंथांच्या दुनियेत तो पडताळणीचा शब्द होता.

हाच प्रश्न संगणकवाल्यांपुढे चुंबकीय टेपच्या रूपाने आला. त्या काळी डिस्क महाग होती. ती बिघडली की सगळं काम जाई. टेपचं रीळ स्वस्त होतं आणि मशीनमधून काढून कपाटात ठेवता येई. अर्ध्या इंच रुंदीच्या, 2400 फुटांच्या रिळावर साधारण चार कोटी अक्षरं मावत. 1979 मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यात 'टार' नावाची आज्ञा होती. हे नाव टेप आणि आर्काइव्ह या शब्दांतून बनलं.

भाषेच्या शिक्षकाला या आज्ञेत व्याकरण दिसतं. टारपुढे अक्षरांचा एक पुंजका येतो. त्यातलं एक अक्षर क्रियापदासारखं असतं: सी म्हणजे नवा संग्रह तयार कर, एक्स म्हणजे बाहेर काढ, टी म्हणजे आत काय आहे त्याची यादी दे. बाकीची अक्षरं क्रियाविशेषणांसारखी. व्ही लावला तर प्रत्येक फाइलचं नाव पडद्यावर येतं. एफ लावला तर पुढे दिलेल्या जागी लिहिलं जातं. नाही लावला तर त्या वेळी टार ठरलेल्या टेपवरच लिही. शून्य ते सात या अंकांनी टेपचं यंत्र निवडता येई.

दुसरी आज्ञा 'डंप'. तिला शून्य ते नऊ अशा पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे सगळंच उतरवून घे. वरचा कुठलाही अंक दिला तर त्याहून लहान अंकाच्या शेवटच्या डंपनंतर जे बदललं तेवढंच घेतलं जातं. मात्र यू हे अक्षर दिलं नाही तर तारखेची नोंद होत नाही, आणि पुढच्या डंपला आधीचा हिशेब कळत नाही. तिच्या माहितीपत्रकात रोजच्या टेपसाठी 3, 2, 5, 4 असा उलटसुलट क्रम सुचवला आहे. रविवारी शून्य, सोमवारी 3, मंगळवारी 2 धरा. 2 पेक्षा लहान अंक रविवारचाच, म्हणून मंगळवारच्या टेपवर सोमवारचे बदलही पुन्हा येतात. सोमवारची टेप तुटली तरी काम जात नाही. हा क्रम 'टॉवर ऑफ हनोई' या कोड्यावरून घेतलेला आहे. एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने 1883 मध्ये आणलेल्या या कोड्यासोबत काशीच्या मंदिरातल्या सोन्याच्या 64 चकत्यांची गोष्ट सांगितली जाते.

धोकेही अक्षरांतच दडलेले. लिनक्सवर टेपयंत्राची दोन नावं असतात, 'एसटी शून्य' आणि 'एनएसटी शून्य'. पहिलं वापरलं तर काम संपताच रीळ आपोआप मागे गुंडाळलं जातं. मग लागोपाठ दुसरी प्रत काढली तर ती पहिलीच्याच जागी लिहिली जाते. माणूस समजतो दोन प्रती आहेत, टेपवर असते एकच.

आणि मुकाबला? 1979 च्या टारमध्ये त्यासाठी अक्षरच नव्हतं. यादी मागता येई, पण यादी म्हणजे अनुक्रमणिका. तेवढ्यावरून आतलं पान शाबूत असल्याची खात्री होत नाही. पुढे ग्नू प्रकल्पाच्या टारमध्ये 'डी' आला, जो टेपवरची फाइल डिस्कवरच्या फाइलशी ताडून फरक सांगतो.

टेप आजही जुनी झालेली नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये जीमेलच्या सुमारे 0.02 टक्के खात्यांतली पत्रं सॉफ्टवेअरमधल्या दोषाने गायब झाली. गुगलकडे अनेक केंद्रांत प्रती होत्या, पण तो दोष त्या सगळ्यांपर्यंत पोहोचला. वाचल्या त्या टेप, कारण त्या जोडलेल्याच नव्हत्या. पत्रं त्यांवरूनच परत आणली गेली.

आता आपल्याकडे पाहू. निकाहची रजिस्टरं, वक्फची कागदपत्रं, जुन्या उर्दू शाळांचे दाखले स्कॅन करून एका हार्ड डिस्कवर ठेवले की आपण निश्चिंत होतो. पण कधी जमिनीचा, कधी वारशाचा, तर कधी जन्मतारखेचा प्रश्न त्याच एका कागदावर अडतो. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या घरात, मशीनपासून सुटी ठेवा. आणि या महिन्यात तिच्यातली दहा पानं उघडून मूळ कागदाशेजारी धरा. तारीख, नाव, शिक्का नीट वाचता येतो का ते पाहा. कागद अजून हातात आहे तोवरच हा मुकाबला करता येईल.