बर्था बेन्झ यांची सफर आणि आपली गाडी

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून अजमेरला गाडीने जायचं ठरलं आहे. गेल्या रविवारी मिस्त्रींना घरी बोलावलं. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक, टायरची हवा, स्टेपनी, एकेक तपासणं सुरू होतं. नववीतली मुलगी बॉनेटमध्ये डोकावून विचारू लागली, "अब्बा, हे पाणी कशाला लागतं?" मी म्हणालो, "बेटा, तू आत जा, अम्मीला मदत कर." ती गेली. रात्री मला स्वतःचीच लाज वाटली. मोटारीच्या इतिहासातली पहिली लांबची सफर कोणी केली, हे मला चांगलं ठाऊक होतं.

ती एका बाईने केली. बर्था बेन्झ यांनी, ऑगस्ट 1888 मध्ये.

जर्मनीतल्या मानहाइम शहरात त्यांचे पती कार्ल बेन्झ यांनी तीन चाकांची मोटार बनवली होती. 1886 साली तिचं पेटंटही मिळालं. पण गिऱ्हाईक मिळेना. घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीवर लोकांचा भरवसा नव्हता. एके दिवशी पहाटे, कार्लना न सांगता, बर्था यांनी 15 वर्षांचा ऑयगन आणि 13 वर्षांचा रिचर्ड या मुलांना घेऊन गाडी बाहेर काढली. माहेर फोर्ट्सहाइमला, शंभरेक किलोमीटरवर. तोपर्यंत मोटारी थोड्या अंतरावर चालवून परत आणत असत.

आज आपण निघण्यापूर्वी जे जे तपासतो, ते जवळजवळ सगळं त्या एका दिवसात वाटेवर बिघडलं.

इंधन संपत आलं. पेट्रोल पंप तर जगात कुठेच नव्हता. वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन घेतलं. डाग काढायला वापरतात तो पेट्रोलसारखा द्रव. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या लांब टाचणीने साफ केली. ठिणगीच्या तारेवरचं आवरण झिजलं, तिथे मोजा बांधायचा बंद गुंडाळला. इंजिन थंड ठेवायचं पाणी वाफ होऊन उडून जायचं, म्हणून जिथे मिळेल तिथे पाणी भरावं लागे. चेन सैल झाली, ती लोहाराने नीट केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी दम टाकायची, तिथे मुलांनी उतरून ढकलली. संध्याकाळी पोहोचल्यावर कार्लना तार गेली.

या सफरीतून कार्लना चढासाठी आणखी एक गिअर हवा हे कळलं आणि तो पुढे बसवला. गाडीची चर्चाही गावोगाव झाली. म्हणजे बर्था यांनी गाडी रस्त्यावर नेऊन तिची खरी परीक्षा घेतली आणि उणिवा घरी आणून दिल्या.

आणखी एक गोष्ट. 1872 मध्ये लग्न होण्याआधीच, भागीदाराच्या भांडणात कार्लचा कारखाना बुडू नये म्हणून बर्था यांनी आपल्या हुंड्याची रक्कम त्यात घातली होती. पेटंटवर नाव मात्र एकट्या कार्लचं.

हे वाचून आपण पटकन म्हणतो, आमच्याकडे तसं नाही, मेहर बाईची, तिची मालमत्ता तिची. अगदी खरं. शरीयतमध्ये हा हक्क शतकानुशतकं आहे. पण आमच्या गाडीच्या किमतीत बेगमच्या शिकवण्यांचे निम्मे पैसे आहेत आणि आरसी बुक माझ्या नावावर. तिला गाडी चालवता येते, पण जॅक कुठे ठेवलाय हे मी तिला कधी दाखवलं नाही. हक्क किताबात आणि चावी माझ्या खिशात, असा आमचा हिशोब चालला होता.

तवक्कुलचा अर्थ आपण मुलांना शिकवतो: आधी उंट बांधा, मग अल्लाहवर सोडा. पण घरातल्या निम्म्या माणसांना दोरी कशी बांधायची हेच शिकवलं नाही, तर रात्री हायवेवर टायर पंक्चर झाल्यावर, आणि मीच आजारी पडलो असेन तर, काय करायचं?

दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावलं. कूलंटची टाकी दाखवली, इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही हे सांगितलं. डिपस्टिक पुसून तेल कसं बघायचं ते दाखवलं. मग बेगमने जॅक लावून स्टेपनी बदलली. पहिल्यांदा 40 मिनिटं लागली, दुसऱ्यांदा 20.

शनिवारी निघू, इन्शाअल्लाह. नाश्त्याचा डबा या वेळी मी भरतोय.