मोल (एकक)

मोल हे आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीतील (एसआय) सात मूलभूत एककांपैकी एक असून ते पदार्थाचे प्रमाण मोजण्यासाठी वापरले जाते. अणू, रेणू, आयन, इलेक्ट्रॉन अशा कोणत्याही एका प्रकारच्या कणांची संख्या ६.०२२१४०७६ × १०²³ इतकी असली की तो त्या कणांचा एक मोल होय. या संख्येला ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात. ही व्याख्या २० मे २०१९ पासून लागू आहे. मोलच्या साहाय्याने तराजूवर मिळालेल्या वस्तुमानावरून डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांची संख्या काढता येते.

संकल्पनेची गरज

रासायनिक अभिक्रियेत कण ठरावीक संख्येने भाग घेतात. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू यांच्या संयोगातून पाण्याचे दोन रेणू तयार होतात. येथे रेणूंच्या संख्येचे गुणोत्तर २:१ असले, तरी वस्तुमानांचे गुणोत्तर १:८ असते. प्रयोगशाळेत रेणू एकेक करून मोजता येत नाहीत; पदार्थ तोलूनच घ्यावा लागतो. त्यामुळे वस्तुमान आणि संख्या यांना जोडणारे एकक आवश्यक ठरते. डझन म्हणजे १२ नग, मग ती केळी असोत वा अंडी. दोहोंचे वजन मात्र वेगळे भरते. त्याचप्रमाणे सर्व पदार्थांच्या एका मोलमध्ये कणांची संख्या समान असते, वस्तुमान मात्र पदार्थानुसार बदलते.

अणुसंरचना आणि अणुवस्तुमान

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात आणि केंद्रकाबाहेर इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १/१८३६ पट असल्याने अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान केंद्रकात एकवटलेले असते. प्रोटॉनांच्या संख्येला अणुअंक, तर प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या एकत्रित संख्येला अणुवस्तुमानांक म्हणतात. अणुअंक समान पण अणुवस्तुमानांक भिन्न असलेल्या अणूंना समस्थानिके म्हणतात.

अणुवस्तुमान हे कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाच्या १/१२ भागाशी तुलना करून सांगितले जाते. निसर्गातील क्लोरीनमध्ये सुमारे ७६ टक्के क्लोरीन-३५ व २४ टक्के क्लोरीन-३७ असते. म्हणून क्लोरीनचे सरासरी अणुवस्तुमान ३५.४५ येते, जरी प्रत्यक्षात इतक्या वस्तुमानाचा एकही क्लोरीन अणू अस्तित्वात नसतो.

मोलर वस्तुमान

एक मोल पदार्थाच्या वस्तुमानाला मोलर वस्तुमान म्हणतात. अणुवस्तुमान किंवा रेणुवस्तुमान यांचा जो आकडा असतो, तितके ग्रॅम म्हणजे व्यवहारतः त्या पदार्थाचे मोलर वस्तुमान होय. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो; म्हणून पाण्याचे मोलर वस्तुमान (२ × १) + १६ = १८ ग्रॅम येते. गणनेसाठी पुढील दोन सूत्रे पुरेशी ठरतात:

मोलसंख्या = वस्तुमान (ग्रॅम) ÷ मोलर वस्तुमान
कणांची संख्या = मोलसंख्या × ६.०२२ × १०²³

उदाहरणे

१. कणांची संख्या: ९० ग्रॅम पाणी म्हणजे ९० ÷ १८ = ५ मोल. त्यातील रेणूंची संख्या ५ × ६.०२२ × १०²³ = ३.०११ × १०²⁴. प्रत्येक रेणूत तीन अणू असल्याने एकूण अणू ९.०३३ × १०²⁴ होतात.

२. उत्पादिताचे वस्तुमान: चुनखडी (कॅल्शियम कार्बोनेट) भट्टीत तापवली असता कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतात. त्यांची मोलर वस्तुमाने अनुक्रमे १००, ५६ आणि ४४ ग्रॅम आहेत. १ किलोग्रॅम शुद्ध चुनखडी म्हणजे १० मोल. तिच्यापासून ५६० ग्रॅम चुना व ४४० ग्रॅम वायू मिळतो. ० अंश सेल्सिअस तापमान व १ वातावरण दाब असताना आदर्श वायूच्या एका मोलचे आकारमान सुमारे २२.४ लिटर असते, म्हणून या वायूचे आकारमान सुमारे २२४ लिटर भरेल.

३. मर्यादक अभिकारक: १० ग्रॅम हायड्रोजन (५ मोल) आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन (२ मोल) यांचा संयोग घडवला, तर २ मोल ऑक्सिजनला ४ मोल हायड्रोजन पुरतो. परिणामी ४ मोल म्हणजे ७२ ग्रॅम पाणी तयार होते आणि २ ग्रॅम हायड्रोजन शिल्लक राहतो. येथे वस्तुमानाने अधिक असलेला ऑक्सिजनच आधी संपतो. म्हणून तो मर्यादक अभिकारक होय.

कणाचा निर्देश

मोल वापरताना कण कोणता, हे सांगणे आवश्यक असते. ‘एक मोल ऑक्सिजन’ या शब्दप्रयोगातून अणू अभिप्रेत आहेत की रेणू, हे स्पष्ट होत नाही; पहिल्या अर्थाने १६ ग्रॅम, तर दुसऱ्या अर्थाने ३२ ग्रॅम वस्तुमान येते. मिठासारख्या आयनिक संयुगात स्वतंत्र रेणू नसतात, म्हणून तेथे एक सोडियम आयन व एक क्लोराइड आयन मिळून होणारे सूत्र-एकक मोजले जाते.

इतिहास

समान तापमान व दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, हे गृहीतक इटालियन शास्त्रज्ञ आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये मांडले. ही संख्या किती, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांच्या हयातीत या गृहीतकाकडे फारसे लक्षही दिले गेले नाही. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १८६० मध्ये कार्ल्सरूह येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत स्तानिस्लाओ कानिझारो यांनी त्याच आधारावर अणुवस्तुमाने निश्चित करण्याचा आग्रह धरला. १८६५ मध्ये योहान लोश्मिट यांनी हवेच्या रेणूंच्या आकाराचा अंदाज बांधला.

‘मोल’ ही संज्ञा विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. विशेष म्हणजे त्या काळी ओस्टवाल्ड यांना अणूंचे अस्तित्वच मान्य नव्हते. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या ब्राउनीय गतीवर झाँ पेरँ यांनी १९०८ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून ही संख्या मिळाली आणि अणूंविषयीची शंका मागे पडली. ओस्टवाल्ड यांनीही आपले मत बदलले. या संख्येला ॲव्होगॅड्रो यांचे नाव पेरँ यांनीच सुचवले. त्यांना १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७१ मध्ये मोलला मूलभूत एककाचा दर्जा देण्यात आला. त्यावेळी १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंची संख्या हा त्याचा आधार होता, म्हणजेच मोल किलोग्रॅमच्या व्याख्येवर अवलंबून होता. पुढे सिलिकॉन-२८ च्या अतिशुद्ध स्फटिकापासून घडवलेल्या गोलांतील अणूंमधील अंतर क्ष-किरणांनी मोजून ॲव्होगॅड्रो अंक अत्यंत अचूकपणे काढण्यात आला. २०१९ मध्ये हा अंक कायमचा निश्चित करण्यात आल्याने व्याख्येचा क्रम उलटला: आता संख्या अचूक आहे, तर एक मोल कार्बन-१२ चे वस्तुमान प्रयोगाने ठरते. ते १२ ग्रॅमपासून इतके कमी ढळते की नेहमीच्या गणनेत काहीही बदल करावा लागत नाही.