बांध आणि जाब

कोकणातील खारजमिनीचा शेतकरी खाडीच्या कडेने मातीचा बांध घालतो, दर वर्षी त्याची डागडुजी करतो आणि आत भात पिकवितो. बांध फुटला तर पुन्हा उभारतो. समुद्राला जाब विचारीत नाही. भरतीओहोटी हा निसर्गाचा धर्म. त्याबद्दल जाब कोणी द्यावयाचा? पण समुद्राची पातळीच माणसाच्या करणीने चढू लागली तर? मग बांध घालावा लागतो आणि जाबही विचारावा लागतो. हवामानबदलासंबंधी जवळजवळ चाळीस वर्षे चाललेला वाद या दोन शब्दांभोवती फिरत आला आहे.

त्याची हकीकत मालदीवपासून सांगणे सोयीचे. सुमारे बाराशे बेटांचा हा देश. त्याची ऐंशी टक्क्यांहून अधिक भूमी समुद्रसपाटीपासून एक मीटरही उंच नाही. एप्रिल १९८७ मध्ये उंच लाटा राजधानी मालेत शिरल्या आणि भराव घालून केलेली जमीन वाहून गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी हे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे मांडले. १९९० साली लहान बेटांच्या राष्ट्रांनी आपली संघटना केली. १९९१ मध्ये तिच्या वतीने वानुआतूने सुचविले की, श्रीमंत औद्योगिक राष्ट्रांनी विम्यासारखा एक निधी उभारावा आणि बुडणाऱ्यांची भरपाई त्यातून व्हावी. ही सूचना त्या वेळी मान्य झाली नाही.

१९९२ च्या रिओ येथील करारात जबाबदारी सर्वांची, पण प्रत्येकाची वेगवेगळी, हे तत्त्व आले. तरीही बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा विचार मागेच पडला. याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. धूर कमी करा म्हणणाऱ्यांना वाटे, बांधाची भाषा सुरू झाली की धूर काढणाऱ्यांना सबब मिळेल. अमेरिकेचे अल गोर यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात, आपण कशाशीही जुळवून घेऊ या समजुतीला आळसच ठरविले. उलट श्रीमंत राष्ट्रांना धास्ती ही की, बांधाचा खर्च एकदा पत्करला की भरपाईचा दावा पाठोपाठ येईल. अशा रीतीने दोन विरोधी पक्षांनी मिळून एकच प्रश्न बाजूस सारला. १९९७ च्या क्योतो करारानेही आकडे घातले ते मुख्यतः उत्सर्जनाचे. आणि २००१ मध्ये अमेरिकेने त्याकडेही पाठ फिरविली.

समुद्र मात्र ठरावांची वाट पाहत नव्हता. मालेभोवती जपानच्या मदतीने भिंत उभी राहिली. १९९७ पासून शेजारी हुलहुमाले हे नवे, सुमारे दोन मीटर उंचीचे बेट भराव घालून तयार होऊ लागले. डिसेंबर २००४ ची त्सुनामी भूकंपाने आली. तिचा हवामानाशी संबंध नाही. पण बांधाची परीक्षा तिने घेतली. देशात ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पाणी मालेतही शिरले; परंतु भिंतीने लाटेचा जोर मोडला. ज्या बेटांना भिंत नव्हती त्यांचे काय? वस्तीच्या सुमारे दोनशे बेटांना भिंती घालणे त्या देशाच्या ऐपतीबाहेरचे आहे. म्हणजे बांधाचा प्रश्न पुन्हा जाबापाशीच येऊन थांबतो.

२००९ मध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत दर वर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते त्यांच्याच हिशेबाने २०२२ मध्ये पुरे झाले, आणि त्यातील लहान वाटा बांधाला मिळाला. २०१५ च्या पॅरिस करारात हानीसाठी स्वतंत्र कलम आले. पण सोबतच्या ठरावात, यावरून भरपाईचा दावा करता येणार नाही, अशी मेख मारून ठेवली. अखेर २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे हानीनिधी मान्य झाला. वानुआतूच्या सूचनेला तेव्हा एकतीस वर्षे लोटली होती. त्याच वानुआतूच्या पुढाकारामुळे जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास भरपाई देणे भाग पडू शकते. हे मत बंधनकारक नाही. पण जाब विचारणे गैर नव्हते, एवढे त्याने ठरविले.

श्रोतेहो, हा वाद दूरच्या बेटांचा समजून आपणांस चालणार नाही. मुंबईचा मोठा भाग भरावावरच उभा आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीहून कमी आहे, पण एकूण उत्सर्जनात आपला क्रमांक तिसरा लागतो. तेव्हा जाब मागणाऱ्यांत आपण आहोत, तसेच उद्या जाब देणाऱ्यांतही असू. खारजमिनीचा बांध एकट्याने राखता येत नाही. शेजाऱ्याने आपला तुकडा सोडला तर पाणी सर्वांच्याच शेतात येते. कोकणातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही; राष्ट्रांना ते शिकण्यास चाळीस वर्षेही पुरलेली नाहीत.